पोस्टग्रेसमध्ये लॉकची जागा संपते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीचा बॅकअप अर्धवट राहतो, मायग्रेशन मध्येच उलटतं, किंवा वर्षभर बिनतक्रार चाललेला रिपोर्ट अचानक पडतो. लॉग उघडला की ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’ ही ओळ, आणि तिच्याखाली ‘मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन’ वाढवून बघा अशी सूचना. त्यावर नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे आहेत. सेटिंगची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कॉन्फिग फाइलीत ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि अंडरस्कोअर लावूनच लिहायची.

लॉगमधला संदेश नक्की हाच आहे, हे कसं ओळखायचं?

पहिली ओळ वाचून थांबू नका. ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही, खालची ‘हिंट’ची ओळ महत्त्वाची. तिथे ‘मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन’ असेल तर नेहमीचं लॉक टेबल, म्हणजे कोणी कोणती टेबलं-इंडेक्स धरून ठेवली आहेत याची सर्व्हरमधली यादी, भरलं आहे. ‘मॅक्स_प्रेड_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन’ असेल तर मामला सीरियलायझेबल आयसोलेशनचा (ट्रान्झॅक्शनं एकामागोमाग चालल्यासारखा निकाल देणाऱ्या सगळ्यात कडक पातळीचा) आहे, त्याचं उत्तर पुढे आहे. संदेशात शेअर्ड मेमरी सेगमेंटचा आकार बदलता आला नाही असं म्हटलं असेल, तर लॉकचा काहीही संबंध नाही. एररचा कोड हवा असेल तर तो ५३२००. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये बहुतेक वेळा हिंट गिळलेली असते, म्हणून सर्व्हरचाच लॉग बघावा.

सर्व्हरवर ६४ जीबी रॅम आहे आणि अर्धी मोकळी पडली आहे. मग मेमरी संपली कशी?

रॅम संपलेली नाही. पोस्टग्रेस सुरू होताना लॉकच्या नोंदींसाठी शेअर्ड मेमरीत ठरावीक जागा बाजूला काढतो आणि सर्व्हर बंद होईपर्यंत ती जागा वाढत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरची पानं संपली की आवारात कितीही जागा असो, वॉचमन पुढची नोंद करू शकत नाही, तसंच हे.

शेअर्ड बफर्स किंवा वर्क मेम वाढवून काही होईल का?

नाही. आणि जुन्या लेखांमध्ये कर्नलचं ‘एसएचएममॅक्स’ वाढवायला सांगितलेलं असतं, त्याच्याही नादी लागू नका. ९.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेसने शेअर्ड मेमरी घेण्याची पद्धतच बदलली, त्यामुळे तो सल्ला बहुतेक ठिकाणी कालबाह्य आहे.

मूळ सेटिंग ६४ आहे. म्हणजे एका ट्रान्झॅक्शनला ६४ च लॉक घेता येतात?

नावावरून तसंच वाटतं, पण ही सरासरी आहे, प्रत्येकाचा कोटा नव्हे. एकूण जागा ढोबळमानाने अशी निघते: मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन गुणिले (मॅक्स_कनेक्शन्स अधिक मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स). मूळ सेटिंगवर ६४ गुणिले १००, म्हणजे ६,४००. ऑटोव्हॅक्यूम, बॅकग्राउंड वर्कर वगैरे प्रोसेस धरल्यावर प्रत्यक्षात थोडी अधिक जागा मिळते, शिवाय शेअर्ड मेमरीत थोडी ढिलाईही ठेवलेली असते. पण त्या ढिलाईवर विसंबून हिशेब मांडू नये. ही सगळी जागा सामायिक आहे. बाकीचे गप्प असतील तर एकटं सेशन चार हजार लॉक घेऊन जाईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. महिन्यातून एकदाच एरर येण्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. त्या दिवशी दोन मोठी कामं एकाच वेळी चालू होती.

अजून एक बारकावा, जो हिशेब करताना हटकून सुटतो. आत दोन टेबलं असतात. एकात प्रत्येक वस्तूची एक नोंद, म्हणजे ज्या टेबलवर किंवा इंडेक्सवर कोणाचंही लॉक आहे त्याची. दुसऱ्यात ‘कोणत्या वस्तूवर कोणत्या प्रोसेसचा हात आहे’ याची नोंद, आणि हे दुसरं टेबल पहिल्याच्या दुप्पट आकाराचं धरलेलं असतं. त्यामुळे पाच जणांनी तेच टेबल वाचलं तर पहिल्यात एक नोंद आणि दुसऱ्यात पाच. यातलं कोणतंही एक भरलं तरी एरर तीच.

आम्ही एका झटक्यात दहा लाख ओळी अपडेट केल्या. त्यामुळे झालं का?

त्यामुळे नाही. पोस्टग्रेस ओळीचं लॉक त्या ओळीच्या मथळ्यातच, डिस्कवरच्या पानावर लिहितो. त्यासाठी लॉक टेबलमध्ये जागा लागत नाही. लॉक टेबलमध्ये जातात ती टेबलं, इंडेक्स आणि तशाच इतर वस्तू. दहा लाख ओळींच्या अपडेटला टेबल आणि त्याचे इंडेक्स मिळून पाच-सात नोंदी पुरतात.

ही शंका बहुतेक दुसऱ्या डेटाबेसवरून आलेल्यांना येते, आणि ती रास्त आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका स्टेटमेंटने एका टेबलवर ५,००० च्या आसपास लॉक घेतले की तो ती सगळी सोडून थेट टेबल लॉक करायला बघतो. डीबी२ मध्ये ‘लॉकलिस्ट’ची मेमरी आणि ‘मॅक्सलॉक्स’ची टक्केवारी असते, ती ओलांडली की तिथेही ओळींऐवजी टेबल लॉक होतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी ओळींच्या लॉकची नोंद बफर पूलच्या मेमरीत ठेवतं आणि पूल फारच लहान असेल तर १२०६ क्रमांकाची एरर देतं. पोस्टग्रेसमध्ये ओळींच्या लॉकची टेबल लॉकमध्ये अशी बढती होतच नाही, त्यामुळे तिथले उपाय इथे लावून हाती काही लागत नाही.

मग लॉक टेबल भरतं कोण?

बहुतांश वेळा पार्टिशन, म्हणजे एका मोठ्या टेबलचे आतून पाडलेले तुकडे. एक उदाहरण मांडून बघू. व्यवहारांचं टेबल रोज एक पार्टिशन याप्रमाणे तीन वर्षांचं आहे, आणि प्रत्येक पार्टिशनवर तीन इंडेक्स आहेत. १,०९५ गुणिले ४, म्हणजे ४,३८० वस्तू. क्वेरीत तारीख थेट लिहिली असेल, तर १२ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत प्लॅन बनतानाच नको ती पार्टिशनं गळतात आणि त्यांवर लॉक पडत नाही. पण अट ‘नाऊ’ फंक्शनवर लावली, म्हणजे ‘गेल्या चोवीस तासांतलं’ अशी, तर प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला, त्या फंक्शनची किंमत आधी वापरता येत नाही. तो सगळी पार्टिशनं उघडतो, त्यांचे इंडेक्सही उघडतो, आणि प्रत्येकावर लॉक घेतो. गाळणी लागते ती नंतर, क्वेरी चालायला लागल्यावर, आणि तोवर घेतलेली लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाहीत. उत्तर आलं दोनशे ओळींचं, लॉक पडली ४,३८०. अशा दोन टेबलांचा जॉइन केला की ८,७६०, आणि मूळ सेटिंगवर ही एकटी क्वेरी सर्व्हरला झोपवू शकते. एकाच टेबलवर अशी पाच सेशनं एकदम आली तर वस्तू ४,३८० च राहतात, पण लॉकच्या आतल्या दुसऱ्या टेबलमधल्या नोंदी २१,९०० होतात. तिथली जागा साधारण १२,८०० ची.

उपाय सोपा आहे: तारीख ॲप्लिकेशनमध्ये काढून थेट मूल्य म्हणून पाठवा. मात्र प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरत असाल तर काही वेळा चालवल्यावर पोस्टग्रेस सर्वसाधारण प्लॅनवर जाऊ शकतो, आणि तो प्लॅन चालवताना त्यातली सगळी पार्टिशनं पुन्हा लॉक होतात. तिथे ‘प्लॅन_कॅश_मोड’ला ‘फोर्स_कस्टम_प्लॅन’ हे मूल्य द्यावं.

पार्टिशन नसतील तर पीजी_डंप या बॅकअपच्या टूलकडे बघा. तो सुरुवातीलाच डंप करायच्या प्रत्येक टेबलवर ‘ॲक्सेस शेअर’ लॉक घेतो आणि काम संपेपर्यंत धरून ठेवतो. दर ग्राहकाला वेगळा स्कीमा देणाऱ्या उत्पादनांमध्ये, चारशे ग्राहक आणि प्रत्येकी साठ टेबलं म्हटलं की २४,००० होतात. असा डिझाइन निवडणाऱ्याने हा आकडा पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता, पण तो सहसा बॅकअप पडल्यावरच मांडला जातो.

स्कीमा ‘कॅस्केड’ लावून उडवताना आतलं प्रत्येक टेबल आणि इंडेक्स, शिवाय मोठी मूल्यं ठेवणारी टोस्ट टेबलं, सगळी लॉक होतात. डंप परत भरणारं पीजी_रिस्टोअर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवलं तरी हेच. फंक्शनच्या लूपमध्ये तात्पुरतं टेबल बनवायचं, वापरायचं, उडवायचं ही आवडती पद्धतही महाग पडते. टेबल उडालं तरी त्याचं लॉक कमिटपर्यंत राहतं, आणि पुढच्या फेरीत त्याच नावाचं टेबल आतून नवीच वस्तू असते. लार्ज ऑब्जेक्ट पुसताना प्रत्येकाला एक लॉक लागतं. म्हणूनच ‘व्हॅक्यूमएलओ’ हे टूल मुळातच एका ट्रान्झॅक्शनमध्ये १,००० च पुसतं.

राहिली ॲडव्हायझरी लॉक, म्हणजे ॲप्लिकेशनने स्वतःच्या सोयीसाठी मागून घेतलेली. तीही याच टेबलात बसतात. सेशनच्या पातळीवर घेतलेलं ॲडव्हायझरी लॉक कमिट झाल्यावरही सुटत नाही, ते स्वतः सोडावं लागतं किंवा कनेक्शन बंद व्हावं लागतं. कनेक्शन पूल मध्ये असेल तर कनेक्शन बंद होतच नाही. सोडायचं विसरलेलं लॉक दिवसेंदिवस साठत जातं, आणि चूक कोडमध्ये असून दोष डेटाबेसला मिळतो.

आत्ता कोण किती लॉक धरून बसलं आहे, हे कसं बघायचं?

‘पीजी_लॉक्स’ या व्ह्यूमधून, पीआयडीनुसार (प्रोसेसच्या क्रमांकानुसार) ग्रुप करून मोजा. त्यात ‘फास्टपाथ’ या कॉलममध्ये ‘फॉल्स’ असलेल्याच ओळी धरा, कारण बाकीच्या सामायिक टेबलमध्ये नसतात. मग ते ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’शी पीआयडीवर जोडून स्थिती, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ आणि क्वेरी काढा. सगळ्यात वरची दोन-तीन नावं पुरेशी असतात.

पीआयडी रिकामा दिसणाऱ्या ओळी दुर्लक्षित करू नका. त्या टू-फेज कमिटमधल्या (आधी ‘प्रिपेअर’, मग वेगळं कमिट) प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शनच्या असतात. कोणी ‘प्रिपेअर’ करून कमिट न करता निघून गेलं असेल तर तिची लॉक सर्व्हर रीस्टार्ट केला तरी टिकतात. ‘पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्स’मध्ये ती सापडते, आणि तिथून रोलबॅक करावी लागते.

एरर आल्यावर बघितलं तर लॉक अगदी थोडी होती. असं का?

कारण ज्याला एरर आली त्याचं ट्रान्झॅक्शन रद्द झालं आणि त्याने धरलेली लॉक सुटली. दुसरं असं की एरर ज्याला मिळाली तोच गुन्हेगार असेल असं नाही. जागा ९९ टक्के दुसऱ्याने भरलेली असते आणि शेवटचं एक लॉक मागायला आलेल्या बिचाऱ्या तीन ओळींच्या इन्सर्टला एरर मिळते. मी अशा वेळी पडलेल्या क्वेरीवर वेळ घालवत नाही. वरची मोजणी दर मिनिटाला एका टेबलात लिहून ठेवणारं छोटं काम लावावं आणि दोन-चार दिवस वाट बघावी. कोण फुगतं, कधी फुगतं, ते आलेखात स्वच्छ दिसतं.

किती वाढवावं?

हात आखडता घेण्याचं कारण नाही. पोस्टग्रेसच्या जुन्या दस्तऐवजांत एका लॉकच्या जागेला सुमारे २७० बाइट धरलेले आहेत. त्या हिशेबाने १०० कनेक्शनवर ६४ चे २५६ केले तर जेमतेम ५ एमबी वाढतात. २०० कनेक्शनवर थेट १,०२४ केले तरी साधारण ५२ एमबी. आजच्या सर्व्हरवर हे काहीच नाही.

आकडा काढताना सगळ्यात मोठ्या एका कामाला किती वस्तू लागतात आणि तशी किती कामं एका वेळी चालू शकतात ते बघा, त्याला कनेक्शनच्या संख्येने भागा आणि उत्तराच्या दुप्पट ठेवा. पार्टिशन असलेल्या डेटाबेसला माझ्या मते २५६ च्या खाली जाऊच नये. टाइमस्केलसारखं एक्स्टेंशन वापरत असाल तर त्याचा प्रत्येक चंक हे एक स्वतंत्र टेबलच असतं, तेव्हा पुढच्या दोन वर्षांतले चंक आजच मोजा.

बदल केला, रीलोडही केला, तरी जुनाच आकडा दिसतो.

रीलोड पुरत नाही, रीस्टार्ट लागतो. ‘पीजी_सेटिंग्ज’मध्ये ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ हा कॉलम ‘ट्रू’ दाखवत असेल तर बदल फाइलीत पोहोचला आहे, फक्त लागू व्हायचा आहे. क्लाउडवरच्या सेवेत हेच पॅरामीटर ग्रुपमधून होतं, आणि तिथेही इन्स्टन्स रीबूट करावाच लागतो.

पत्रोनी हे पोस्टग्रेसचं क्लस्टर सांभाळणारं टूल वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. हे सेटिंग पत्रोनी आपल्या सामायिक कॉन्फिगमधून घेतो आणि सर्व्हर सुरू करताना कमांड लाइनवर देतो. ‘ऑल्टर सिस्टीम’ने किंवा स्थानिक फाइलीत केलेला बदल त्यामुळे रीस्टार्टनंतरही दिसत नाही.

पीजीबाऊन्सर बसवल्यापासूनच ही एरर सुरू झाली. पूलरचा दोष?

पूलर, म्हणजे थोडी कनेक्शनं अनेकांत वाटून देणारं टूल, निर्दोष आहे. पण तो बसवताना तुम्ही मॅक्स_कनेक्शन्स ५०० वरून १०० वर आणलं असणार. वरचं सूत्र पुन्हा बघा: लॉकची जागा ३२,००० वरून ६,४०० वर आली. काम तेवढंच, पार्टिशनं तेवढीच, जागा पाचव्या हिश्शाची. कनेक्शन कमी करणं योग्यच होतं, फक्त त्याच प्रमाणात दुसरा आकडा वाढवायला हवा होता. ६४ चे ३२० केले की जागा पूर्वीइतकी होते.

स्टँडबायच्या लॉगमध्ये ‘अपुऱ्या सेटिंगमुळे हॉट स्टँडबाय शक्य नाही’ अशी ताकीद आली आहे. हे काय?

प्रायमरीवर (मूळ सर्व्हरवर) आकडा वाढवला आणि स्टँडबायवर (त्याच्या चालत्या प्रतीवर) विसरलात. प्रायमरीवर घेतलेली ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ लॉक स्टँडबायलाही आपल्याकडे लावावी लागतात, म्हणून त्याची जागा प्रायमरीपेक्षा कमी असून चालत नाही. ताकिदीच्या तपशिलात दोन्हीकडचे आकडे छापलेले असतात. आवृत्ती १४ पासून अशा वेळी रिकव्हरी थांबून राहते आणि वाचनाच्या क्वेरी चालू राहतात. वरवर सगळं ठीक दिसतं, मात्र स्टँडबाय दर मिनिटाला मागे पडत असतो, आणि तुम्ही रिकव्हरी पुढे ढकललीत तर सर्व्हर बंद होतो. १४ च्या आधी तो थेट बंदच पडायचा. खरं सांगायचं तर ते बरं होतं. निदान लगेच कळायचं.

सुटका अशी: स्टँडबायवर आकडा प्रायमरीइतका किंवा जास्त करा आणि त्याला रीस्टार्ट करा. यापुढे क्रम पाळा. वाढवताना आधी सगळे स्टँडबाय, मग प्रायमरी. कमी करताना आधी प्रायमरी, तो बदल स्टँडबायपर्यंत पोहोचला की मग स्टँडबाय. हाच नियम मॅक्स_कनेक्शन्स, मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स, मॅक्स_वॉल_सेंडर्स आणि मॅक्स_वर्कर_प्रोसेसेस यांनाही लागू आहे.

एरर नाही, पण ‘लॉक मॅनेजर’ नावाच्या प्रतीक्षेत बरीच सेशनं अडकलेली दिसतात. संबंध आहे का?

जवळचा आहे. ९.२ आवृत्तीपासून प्रत्येक प्रोसेसला १६ हलकी लॉक स्वतःपाशीच ठेवता येतात, त्यांना फास्ट पाथ म्हणतात. साधं वाचन आणि साधं लिखाण यातच भागतं. क्वेरीला सोळापेक्षा जास्त टेबलं-इंडेक्स लागले की उरलेली लॉक सामायिक टेबलमध्ये जातात, आणि तिथे शेकडो सेशनं एकमेकांची वाट बघतात. जागा शिल्लक असूनही सर्व्हर धापा टाकतो. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १८ मध्ये ही १६ ची मर्यादा उठली आणि फास्ट पाथची जागा मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शनच्या प्रमाणात मिळू लागली. त्याआधीच्या आवृत्तीत आकडा वाढवून ही प्रतीक्षा कमी होणार नाही. न वापरले जाणारे इंडेक्स काढा, पार्टिशनं मोठी आणि मोजकी करा.

सीरियलायझेबलची हिंट आली तर?

मॅक्स_प्रेड_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन वाढवा, तेही मुळात ६४ च असतं आणि त्यालाही रीस्टार्ट लागतो. इथे मात्र लॉक ओळींची आणि पानांचीही असतात, त्यामुळे लांबलचक वाचन करणारी ट्रान्झॅक्शनं तोडणं आणि नुसत्या वाचनाची ‘रीड ओन्ली’ म्हणून जाहीर करणं जास्त फायद्याचं.

डॉकरमध्ये शेअर्ड मेमरी सेगमेंटची एरर येते, तीही याच सेटिंगने जाते का?

जात नाही. डॉकर कंटेनरला ‘/डेव्ह/एसएचएम’साठी मुळात ६४ एमबीच देतो आणि समांतर चालणाऱ्या क्वेरींना ते कमी पडतं. कंटेनर चालवताना ‘एसएचएम-साइज’ वाढवा. दोन्हीकडे ६४ हा आकडा असल्यामुळे गोंधळ होतो, इतकंच.

उत्साहाच्या भरात फार मोठा आकडा दिला, आता सर्व्हर सुरूच होत नाही.

लॉगमध्ये शेअर्ड मेमरी मॅप करता आली नाही असं दिसेल. ‘ऑल्टर सिस्टीम’ने दिलेला आकडा डेटा डिरेक्टरीतल्या ‘पोस्टग्रेएसक्यूएल.ऑटो.कॉन्फ’ या फाइलीत असतो. एरवी ती हाताने बदलू नये म्हणतात, पण सर्व्हर बंद असताना तोच सगळ्यात सरळ मार्ग आहे. ती ओळ दुरुस्त करून पुन्हा सुरू करा.

रीस्टार्टला रविवारपर्यंत परवानगी नाही आणि बॅकअप आज रात्री हवा आहे.

आधी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ स्थितीत तासन्‌तास पडून असलेली सेशनं शोधा आणि ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने बंद करा, पुष्कळ जागा तिथेच सुटते. ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ रीस्टार्टशिवाय लावता येतो, तो लगेच लावा. जड रिपोर्ट आणि पार्टिशन बनवणारी-उडवणारी कामं बॅकअपच्या वेळेपासून दूर सरकवा.

तेवढ्याने भागलं नाही तर डंप स्कीमावार तुकड्यांत घ्या. तुकडे एकाच क्षणाचे असावेत म्हणून एका सेशनमध्ये रिपीटेबल रीड ट्रान्झॅक्शन उघडून ‘पीजी_एक्सपोर्ट_स्नॅपशॉट’ चालवा, ते सेशन तसंच उघडं ठेवा आणि मिळालेला क्रमांक प्रत्येक पीजी_डंपला ‘स्नॅपशॉट’ पर्यायातून द्या. त्या काळात टेबलांची रचना बदलणारं काही चालवू नका. हे जमण्यासारखं नसेल तर पीजी_बेसबॅकअप घ्या. तो टेबलं लॉक न करता अख्ख्या क्लस्टरच्या फाइलीच उचलतो, त्यामुळे टेबलं किती आहेत याने त्याला फरक पडत नाही. रिस्टोअर करताना एकच ट्रान्झॅक्शन करण्याचा पर्याय काढून टाका. आवृत्ती १७ पासूनच्या पीजी_रिस्टोअरमध्ये ‘ट्रान्झॅक्शन-साइज’ देऊन एका वेळी किती वस्तू घ्यायच्या ते ठरवता येतं. मोठा स्कीमा उडवायचा असेल तर टेबलं शंभर-शंभरच्या गटांत, प्रत्येक गटानंतर कमिट करत उडवा, आणि रिकामा स्कीमा सगळ्यात शेवटी.